कोंड्याचा मांडा : काटकसरीचा संस्कार आणि गृहिणीचे ताट

(कुटुंब प्रबोधनपर महिला मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी हा मराठी भाषेने स्त्रीचा केलेला एक मोठा गौरव आहे. दळणातून चाळून उरलेला कोंडा सामान्य माणूस गुरांपुढे टाकतो. त्याच कोंड्यातून जिला मांड्यासारखे पक्वान्न करता येते, तिच्या हातात संसार निर्धास्तपणे सोपवावा, असा या वाक्प्रचाराचा आशय आहे. काटकसर म्हणजे दारिद्र्याची खूण नव्हे, कंजूषपणा तर नव्हेच. कंजूष माणूस असूनही देत नाही. काटकसरी माणूस थोडे असले तरी सर्वांना पुरवतो आणि दारी आलेल्यासाठी घासभर मागे ठेवतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा करू नये, अन्नाचा अव्हेर करू नये आणि अन्न पुष्कळ निर्माण करावे, अशी व्रते सांगितली आहेत. त्यांच्याच पाठोपाठ आश्रयाला आलेल्यास परत पाठवू नये, हेही व्रत येते. बचत आणि आतिथ्य ही दोन्ही एकाच स्वयंपाकघराची अंगे आहेत, हा आपल्या परंपरेचा दृष्टिकोन होय.

महागाई येते आणि जातेही. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातील अन्नपदार्थांची किरकोळ महागाई १०.८७ टक्क्यांवर गेली होती; बरोबर वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ती शून्याच्याही खाली, उणे पाच टक्क्यांच्या आसपास उतरली. वाढलेल्या भावाने घाबरून आणि उतरलेल्या भावाने सैल होऊन जो संसार चालतो, त्याची ओढाताण कधी संपत नाही. म्हणून काटकसर हा आपत्काळातील उपाय न राहता बारा महिन्यांचा संस्कार झाला पाहिजे.

पैसा नेमका जातो कुठे?

याचे उत्तर केंद्र सरकारच्या कौटुंबिक उपभोग-खर्चाच्या पाहण्यांत सापडते. १९९९-२००० मध्ये शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी सुमारे ४८ टक्के खर्च अन्नावर होत असे. २०२३-२४ मध्ये तो सुमारे ४० टक्क्यांवर आला. उत्पन्न वाढले की अन्नाचा वाटा घटतो, त्यामुळे यात नवल नाही. विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. याच काळात गहू, तांदूळ, ज्वारी अशा धान्यांवरील शहरी खर्चाचा वाटा बारा टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आला. आणि पेये, तयार व प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा सहा टक्क्यांवरून अकरा टक्क्यांवर गेला. म्हणजे शहरी घर आज जितका पैसा धान्यावर खर्च करते, त्याच्या जवळजवळ तिप्पट पैसा पाकिटे, बाटल्या आणि बाहेरचे जिन्नस यांवर खर्च करते. वाण्याच्या यादीतील डाळ-तांदूळ कमी करून घराचा हिशेब सुधारणार नाही. हिशेब बिघडतो तो यादीत नसलेल्या वस्तूंनी.

हातात यादी घेऊन दुकानात जाणारा आणि गाडा ढकलत मांडण्यांमधून फिरणारा, यांच्या बिलांत मोठा फरक पडतो. 'एकावर एक मोफत'ची पाटी वाचताना ती वस्तू आपल्याला हवी होती का, हा प्रश्न आधी विचारावा. पाकीट तेच, किंमत तीच आणि आतील वजन मात्र हळूच घटलेले, हा प्रकार आता नित्याचा झाला आहे. पाकिटावर प्रति ग्रॅम वा प्रति किलो पडणारी किंमतही छापलेली असते. ती पाहण्याची सवय घरातील मुलांना लावावी. त्यांच्या गणिताचा तो उत्तम अभ्यास आहे.

बेगमीचे शास्त्र

पूर्वी उन्हाळा आला की घरोघरी वर्षाचे धान्य भरले जाई. त्यामागे पक्का हिशेब होता. रब्बीचा गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो. तूर डिसेंबरपासून बाजारात येऊ लागते. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढून चाळीत साठवला जातो. हा साठा संपत येतो आणि खरिपाचा नवा कांदा अजून पुरेसा आलेला नसतो, तेव्हा, म्हणजे बहुधा सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान, कांद्याचा भाव चढतो. टोमॅटो पावसाळ्याच्या तोंडाशी महागतो. २०२३ च्या जुलैमध्ये त्याने किलोला शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. निसर्गाचे हे वेळापत्रक ज्या गृहिणीला पाठ आहे, ती भाव चढण्याआधीच सावध असते. त्या दिवसांत तिच्या आमटीला टोमॅटोऐवजी आमसूल वा चिंच असते.

आजच्या दोन-तीन खोल्यांच्या घरात वर्षाची पोती मावत नाहीत, हे खरे आहे. तथापि तीन महिन्यांचा गहू, तांदूळ आणि डाळ बहुतेक घरांत मावते. धान्याला कडक ऊन द्यावे, ते थंड झाल्यावर कोरड्या डब्यात भरावे, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावावा, या आजीच्या रीती आजही तितक्याच उपयोगी आहेत. धान्य भरून ते पोरकिड्यांच्या स्वाधीन करणे, यासारखी दुसरी उधळपट्टी नाही.

एकट्याला जे जमत नाही, ते दहा कुटुंबांना जमते. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याच्या वाणसामानाची मागणी एकत्र नोंदवायची, माल घाऊक विकत घ्यायचा आणि आपसात वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. यात पैसा वाचतो आणि मालाची पारख होते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे एकाच जिन्यावर राहून परस्परांची नावे ठाऊक नसलेली माणसे एकत्र बसून डाळ-तांदूळ मोजतात. समाज संघटित करण्याचा याहून साधा कार्यक्रम शोधूनही सापडणार नाही.

टाकाऊ म्हणून काही नसतेच

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील घरांत दरडोई वर्षाला अंदाजे ५५ किलो अन्न वाया जाते. चौघांच्या कुटुंबाचे हे २२० किलो होतात, म्हणजे रोजचे सुमारे सहाशे ग्रॅम. यात न खाण्याजोग्या साली-देठेही धरलेल्या आहेत, हे मान्य केले तरी आकडा लहान नाही.

मराठी स्वयंपाकघराने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे. होळीला पुरण शिजवताना डाळीवरचे पाणी फेकले जात नाही. त्याचीच कटाची आमटी होते आणि कित्येकांना ती पोळीपेक्षाही प्रिय असते. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी होते. मुळ्याचा पाला पीठ पेरून भाजीत येतो, कोथिंबिरीचे देठ वाटणात जातात. रात्रीची पोळी सकाळी कुस्करून फोडणीला पडते, भाताचा फोडणीचा भात होतो, उरलेले वरण थालीपिठाच्या पिठात मिसळते. आंबट झालेल्या ताकाची कढी होते. तूप कढवल्यावर राहणारी बेरीसुद्धा साखर घालून मुलांच्या हातावर ठेवली जाते. ज्वारीच्या वा तांदळाच्या कण्या ताकात शिजवून खाल्ल्या जातात. कोकणातील कुळथाची पिठी, खानदेशातील कळण्याची भाकरी, देशावरचे पिठले हे सारे थोडक्यात पोट भरणारे आणि बळ देणारे पदार्थ आहेत. धान्यात जे पोषक घटक कमी असतात ते डाळीत असतात आणि डाळीत जे कमी ते धान्यात. म्हणून वरणभात, खिचडी आणि भाजणी यांची सांगड आहारशास्त्रालाही मान्य आहे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. शिळे आणि नासलेले यांत अंतर आहे. शिजलेला भात उन्हाळ्यात तासन् तास उघड्यावर राहिला तर तो विषबाधेला कारण होतो; उरणार असे दिसताच तो लगेच थंड करून ठेवावा. स्वस्त म्हणून सुटे, नाव-गाव नसलेले तेल घेऊ नये. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातील पिवळ्या धोतऱ्याच्या भेसळीने अनेकांचे प्राण घेतले. औषधोपचारात जाणारी बचत ही बचतच नव्हे.

तेल : घराचा आणि देशाचा प्रश्न

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करावे लागते. २०२३-२४ या तेलवर्षात सुमारे १६० लाख टन तेल बाहेरून आले आणि त्यापोटी लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम परदेशी गेली. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, तेव्हा दूरच्या एका निर्णयाचा चटका आपल्या कढईला बसला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार दोन हजार उष्मांकांच्या संतुलित आहारात रोज सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप पुरेसे आहे. चार प्रौढांच्या कुटुंबाला या हिशेबाने महिन्याला साडेतीन लिटर पुरते, आणि त्यातच तूप व लोणीही आले. आपल्या घरी महिन्याकाठी किती लागते, याचा पडताळा प्रत्येकाने घ्यावा. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०२५ मध्ये 'मन की बात'मधून तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले, त्यामागे आरोग्य हा मुख्य हेतू होता; पण स्वदेशीचाही तो सहज आचरता येणारा पाठ आहे. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा देशाने ते व्रतासारखे पाळले. आज कुणी उपाशी राहायला सांगत नाही. चमचाभर तेल कमी घालायला सांगितले आहे.

काटकसर कुणाच्या ताटातून?

आता एक कठोर प्रश्न, ज्याला बगल देऊन या विषयावर बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीचे कौतुक करताना तो मांडा अखेर कुणाच्या ताटात पडतो, हे कुणी पाहिले आहे काय? सर्वांची जेवणे झाल्यावर ती बसते. भाजी संपलेली असते, म्हणून ती चटणीशी पोळी खाते. दूध मुलांना पुरावे म्हणून ती कोरा चहा घेते. शिळे उरले तर ते तिच्याच वाट्याला येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. याला शारीरिक कारणेही आहेत, पण सर्व दोष निसर्गावर ढकलता येणार नाही. घरातील एका व्यक्तीचे रक्त आटवून जो हिशेब जुळतो, त्याला काटकसर म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. मातृशक्तीचा जयघोष व्यासपीठावर आणि मातेचे ताट रिकामे, ही विसंगती संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्या घरांना शोभत नाही.

म्हणून बचतीचा भार सर्वांनी वाहावा. दिवसातून एक वेळ तरी सर्व कुटुंबाने एकत्र जेवावे. पातेल्यात किती आहे हे सर्वांना दिसले की वाटणी आपोआप न्यायाची होते. शिळे असेल तर ते सर्वांनी थोडे थोडे घ्यावे. गृहिणीच्या ताटात पालेभाजी, मोड आलेले कडधान्य आणि त्यावर लिंबाची फोड आहे की नाही, हे घरातील कर्त्या पुरुषाने पाहावे. जेवणालगतचा चहा लोहाच्या शोषणाला बाधक ठरतो, तो दूर ठेवावा. भाजी निवडणे, दळण आणणे, यादी करणे ही कामे मुलगे आणि मुली दोघांनाही सारखीच शिकवावीत.

आणि वाचलेल्याचे काय करावे? गोव्यात पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ मध्ये उभी राहिली ती घराघरांतून जमवलेल्या मूठ मूठ तांदळाच्या बळावर. स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात ठेवण्याची रीत अनेक घरांत होती आणि त्या मुठींतून शाळा चालल्या. येत्या महिन्यात प्रत्येक घराने वाणसामानाचा हिशेब वहीत लिहावा, सर्वांनी मिळून तो वाचावा आणि जे वाचेल त्याचे तीन भाग करावेत : एक घराच्या गंगाजळीत, एक गृहिणीच्या फळ-दुधासाठी आणि एक वस्तीतील एखाद्या विद्यार्थ्याच्या जेवणासाठी. वही साधी, दोनशे पानी असली तरी पुरेल.