लेकराची उंची मोजा, मग सहल ठरवा



कापसाची वेचणी आटोपत आली, चार पैसे हातात दिसायला लागले, की घरोघरी पोट्टे एकच धोशा लावतात. कोणाच्या तरी मोबाइलवर त्यांनी व्हिडिओ पाहिलेला असतो. पाण्याच्या घसरगुंड्या, उलटे फिरणारे पाळणे, सुसाट धावणारी गाडी. "आई, आपण केव्हा जायचं?" मग बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला, की आपणही एकमेकींना विचारतो: पोरांना कुठं न्यावं, किती खर्च येईल, झेपेल का? आज त्याच्याबद्दलच बोलू.

सगळ्यात आधी काय करायचं? पैसे मोजायच्या आधी लेकराची उंची मोजायची.

हसू नका. जत्रेत आपण पाळण्याचे पैसे पाळण्यापाशी देतो. वॉटरपार्कमध्ये किंवा मोठ्या करमणूक बागेत तसं नसतं. तिथं फाटकावरच एक मोठं तिकीट काढायचं आणि दिवसभर खेळायचं. हे तिकीट बऱ्याच ठिकाणी वयावर नसतं, उंचीवर असतं. आत गेल्यावर प्रत्येक मोठ्या पाळण्यापाशी एक पाटी असते आणि तिच्यावर रेघ असते. तिथला माणूस लेकराला पाटीजवळ उभं करतो. डोकं रेघेच्या वर गेलं तर आत, खाली राहिलं तर बाहेर. मोठ्या पाळण्यांना बहुतेक चार ते साडेचार फुटांची अट असते. चार फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर आणि साडेचार फूट म्हणजे १३७ सेंटिमीटर.

ही अट कशासाठी? पाळण्यात बसल्यावर मांडीवर किंवा छातीवर लोखंडी दांडा येतो. तो मोठ्या अंगाच्या मापानं केलेला असतो. अंग लहान असलं तर मधे फट राहते आणि जोराचा झटका बसला की लेकरू घसरू शकतं. म्हणून चपलेत कापड कोंबून किंवा टाचा उचलून दोन बोटं उंची वाढवायची नाही. "राहू द्या ना हो साहेब, इतक्या लांबून आलो" असंही म्हणायचं नाही. तो माणूस आपल्या लेकराच्या जिवासाठीच नाही म्हणत असतो.

आणि ही गोष्ट जत्रेतही ध्यानात ठेवा. वणीच्या, घाटंजीच्या यात्रेत आकाशपाळणे येतात, तिथं उंचीची पाटी क्वचितच दिसते. तिथं आपणच पाहायचं: दांडा घट्ट लागतो का, साखळी अडकवतात का, पाळणेवाला गर्दीत घाई करतो का. मनाला पटलं नाही तर पैसे दिले असले तरी लेकराला उतरवून घ्यायचं.

उंची घरी कशी मोजायची? लेकराला अनवाणी भिंतीला टेकून उभं करा. टाचा, पाठ, डोकं भिंतीला लागलं पाहिजे. डोक्यावर एक जाड वही आडवी धरा, पेन्सिलनं खूण करा, शिंप्याच्या टेपनं मोजा. शेजारी तारीख लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पाच वर्षांच्या लेकराची मधली उंची ११० सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि दहा वर्षांच्याची १३८ च्या आसपास. म्हणजे या वयात लेकरू वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर, दोन इंचांहून थोडं जास्त वाढतं. आपलं लेकरू आज चार फुटाला दोन इंच कमी असेल, तर एक वर्ष थांबलं की तेच तिकीट दुप्पट कामी येतं. थांबण्यात काही नुकसान नाही. उंची तक्त्याहून बरीच कमी भरली, तर सहलीचा विषय बाजूला ठेवा आणि अंगणवाडीताईला किंवा आरोग्य केंद्रात दाखवा.

आता वयाप्रमाणे कुठं न्यावं ते पाहू.

पाच वर्षांच्या आतलं लेकरू मोठ्या पार्कला नेऊ नका. ते दुपारी झोपतं, गर्दीला भितं, आणि त्याच्यापायी आईचा सगळा दिवस सावलीत बसून जातो. त्याला जवळची यात्रा आणि तान्हा पोळ्याची मिरवणूक भरपूर होते.

सहा ते नऊ वर्षांचं लेकरू पाहायला आणि विचारायला उत्सुक असतं. त्याला नागपूरचं रमण विज्ञान केंद्र दाखवा. १९९२ साली सुरू झालेलं हे केंद्र आहे. तिथं यंत्रांना हात लावून पाहता येतं आणि तारांगणात बसून ग्रहतारे दिसतात. गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, तिथं गाडीत बसून वाघ-अस्वल पाहता येतात. इथं उंचीची पाटी आडवी येत नाही.

दहा वर्षांच्या पुढं वॉटरपार्कची खरी मजा आहे. नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगावकडे फन अँड फूड व्हिलेज आहे. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, एसटीनं साधारण चार तास, आणि तिथून पुढं दुसरं वाहन. म्हणजे एका दिवसात जाणं, खेळणं आणि परतणं लेकरांना जड जातं. नागपूरला कोणी नातेवाईक असतील तर आदल्या रात्री मुक्काम करा. पुसद-उमरखेडच्या मैत्रिणींना तर मुक्कामाशिवाय जमायचंच नाही. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, ते खूप मोठं आहे, पण धामणगाव किंवा बडनेऱ्याहून रात्रभराचा रेल्वे प्रवास आहे. लेकरू बारा-तेराचं झाल्यावर आणि दोन वर्षांची बचत झाल्यावर त्याचा विचार करा.

आता मला ज्याच्यासाठी आज बोलायचं होतं, ते सांगते.

दहा-अकरा वर्षांच्या आसपास मुली झपाट्यानं वाढतात. मुलांची तशी वाढ साधारण दोन वर्षांनी सुरू होते. म्हणून सहावीच्या वर्गात पाहा, बऱ्याच मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. म्हणजे मोठ्या पाळण्याच्या रेघेला आपली मुलगी तिच्या वयाच्या मुलांच्या आधी पोचते. आणि नेमकं त्याच वर्षी घरात कोणीतरी म्हणतं, "ती आता मोठी झाली, तिला काय करायचं वॉटरपार्क? तिला आजीजवळ राहू दे, भावाला घेऊन जा."

बायांनो, आपण असं कितीदा ऐकलं आहे! पाचवीपर्यंत लहान म्हणून नेलं नाही, सातवीत मोठी झाली म्हणून नेलं नाही. मग तिनं जायचं केव्हा? लग्न झाल्यावर, स्वतःच्या लेकराची चप्पल सांभाळायला? पाटीवरची रेघ मुलगा की मुलगी विचारत नाही. आपणही विचारू नये. सासूबाईंना, घरच्या माणसांना हे भांडून सांगायची गरज नाही. उंचीची वही दाखवा आणि म्हणा, "तिची उंची बसते, तिचं तिकीट पूर्ण कामी येतं, ती येणार."

कपड्यांची अडचण खरी आहे, पण तिला उपाय आहे. बहुतेक वॉटरपार्कमध्ये सुती कपडे, साडी, ओढणी पाण्यात चालत नाही, कारण ते घसरगुंडीत अडकतं आणि फास बसू शकतो. नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतची लेगिंग असली की अंग झाकलेलं राहतं. तिथं भाड्यानं घेण्यापेक्षा आठवडी बाजारातून आधीच घ्या, तिच्यासाठी आणि स्वतःसाठीही. पाळीची तारीख कॅलेंडरवर पाहून दिवस ठरवा. त्या दिवशी पाळी आलीच, तर पाण्यात उतरू नये, पण कोरडे पाळणे, चालणं, खाणं सगळं करता येतं. तेवढ्यासाठी तिला घरी ठेवू नका.

तब्येतीचंही पाहा. आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या लेकराला थंड पाणी, उन्हातली दमछाक आणि पाणी कमी पिणं यामुळं अंगदुखीचा झटका येऊ शकतो. आधी डॉक्टरांना विचारा, ते नाही म्हणाले तर विज्ञान केंद्र निवडा. गरोदर बाईनं, हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असणाऱ्यानं झटक्याच्या पाळण्यात बसू नये.

दिवस कोणता? मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा तर नकोच. सुटीच्या दिवशी रांगेतच अर्धा दिवस जातो. वेचणी उरकल्यावर, परीक्षेच्या आधी, फेब्रुवारीतला एखादा मधला वार चांगला. शाळेत एक दिवसाची रजा लेखी मागा. पार्क त्या दिवशी उघडं आहे का आणि तिकीट किती, हे फोन करून विचारल्याशिवाय निघू नका.

आता पैसे. सहलीसाठी गटाचं कर्ज काढू नका. ते बियाण्याला, आजारपणाला, धंद्याला आहे. वेगळा डबा करा. आठवड्याला ५० रुपये टाकले तर ४० आठवड्यांत २,००० होतात. लेकरानंही मिळालेली ओवाळणी त्यातच टाकावी. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या लेकरांना आधीपासून अर्धं आहेच. म्हणजे बारा वर्षांवरच्या मुलाचं पूर्ण तिकीट लागतं, मुलीचं अर्धंच. वीस-पंचवीस घरं मिळून जाणार असाल तर आगारात प्रासंगिक करारावर गाडी मिळते. तिचा हिशेब वेगळा असतो, म्हणून दोन्ही खर्च मांडून पाहा. बाहेरचं जेवण बहुतेक पार्कमध्ये आत नेऊ देत नाहीत. झुणका-भाकर, दशम्या वाटेत खायला घ्या आणि आतल्या एका वेळच्या खाण्याचे पैसे आधीच हिशेबात धरा.

गर्दीत लेकरू चुकू नये म्हणून त्याच्या मनगटावर पेनानं आपला मोबाइल नंबर लिहा. फाटकाजवळची एक जागा ठरवा: चुकलो तर इथं येऊन थांबायचं. पाण्यात लेकरू असताना एका मोठ्या माणसाची नजर फक्त त्याच्यावर पाहिजे, मोबाइलवर नाही. पिशव्या सांभाळायची पाळी लावा. दिवसभर एकाच बाईनं पिशव्यांपाशी बसायचं नाही. आईनंही एकदा तरी घसरगुंडीवर बसावं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एका कागदावर तीन गोष्टी लिहून आणा: लेकराचं नाव, आजची उंची आणि त्याला स्वतःला कुठं जावंसं वाटतं ते. मुलींची नावं वगळू नका. ते कागद समोर ठेवून मग तारीख ठरवा.