पेट्या कोठें अडकल्या?

फ्रीबीएसडी या युनिक्स प्रणालीवर चालणारा संगणक कधीं कधीं जागा असूनहि जाळ्यापुरता मुका होतो. अशा वेळीं तारेस दोष देणें सोपें. पण आधीं ‘नेटस्टॅट -एम’ ही आज्ञा द्यावी.

कर्नल येणारी-जाणारी माहिती ‘एमबफ’ नामक २५६ बाइटांच्या पेट्यांत ठेवितो. मोठ्या मजकुरास २०४८ बाइटांचे ‘क्लस्टर’ जोडतो. त्यांच्या संख्येस मर्यादा असते. नाकारलेल्या मागण्यांचा आंकडा वाढत असेल, तर पेट्या संपल्या असें समजावें. गर्दी खरीच असेल तर ‘एनएमबीक्लस्टर्स’ची मर्यादा अवश्य वाढवावी. परंतु दिलेलीं पुस्तकें परत येत नसतां नवीं विकत घेणारा ग्रंथपाल मला शहाणा वाटत नाहीं. म्हणून ‘नेटस्टॅट -एएन’ मधील ‘रिसीव्ह-क्यू’चा रकाना पाहावा. एखादा प्रोग्राम आलेला मजकूर वाचीतच नसेल, तर पेट्या तेथेंच अडकल्या आहेत. तो बंद करितांच त्या मोकळ्या होतात. रांगा रिकाम्या, वर्दळ ओसरलेली, आणि तरीहि वापरांतील पेट्या वाढतच असतील, तर संशय जाळेकार्डाच्या ड्रायव्हरवर घ्यावा.

एवढें मात्र करा: यंत्र पुन्हां सुरू करण्यापूर्वीं हे आंकडे कागदावर उतरून घ्या, नंतर ते शून्यापासून मोजले जातात.