घरातील समता आणि क्रोधाची जाण
(भाषण)



नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस पिकतो. त्या उसात राबणारा माणूस दिवसभर मुकादमाचे बोल ऐकतो. सायंकाळी तो अपमान त्याच्या मनात धुमसत असतो, आणि कित्येकदा हात उठतो तो पत्नीवर. भाकरीस उशीर झाला, हे केवळ निमित्त! वरच्याने केलेला अपमान खालच्यावर उतरविणे, हीच श्रेणीबद्ध विषमता होय. गावात जी आपण नाकारली, ती घरात कशी चालेल?

कोणी म्हणेल, हा दारूचा दोष आहे. दारूने क्रोध भडकतो हे खरे. परंतु तोच मद्यपी मुकादमावर हात टाकीत नाही. अर्थात, कोठे थांबावे हे त्यास कळते.

म्हणून पुरुषांनो, क्रोध ओळखावयास शिका. आवाज चढला, श्वास जलद झाला, मुठी वळल्या की तेथून उठून बाहेर जा. मन निवल्यावर ‘आज माझा अपमान झाला’ एवढे पत्नीस सांगा. त्यात कमीपणा नाही. सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पहिले पत्नीचा सन्मान, दुसरे तिचा अवमान न करणे. पत्नीने पतीची मैत्रीण व्हावे, दासी होऊ नये, असे बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बजावले होते.

भगिनींनो, पतीचा क्रोध आवरणे हे तुमचे कर्तव्य नव्हे. मार निमूटपणे सोसणे म्हणजे क्षांती नव्हे. नुसत्या पश्चात्तापाच्या अश्रूंवर विसंबू नका. वर्तन बदलले का ते पाहा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ व पैशांची अडवणूक हीही त्यात हिंसाच आहे. घर कोणाच्याही नावावर असो, तेथे राहण्याचा तुम्हांस हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, १८१ या क्रमांकावर साहाय्य मागता येते.

वडीलधाऱ्यांनो, मार खाल्लेली लेक दाराशी आली तर ‘तू काय केलेस?’ असे विचारू नका. प्रथम तिचे ऐका, तिला आसरा द्या. ज्या मुलांनी ती मारहाण पाहिली, त्यांनाही जवळ घेऊन बोलते करा. मनात कोंडलेले भय उद्या क्रोध होऊन बाहेर पडू शकते.

समतेचा पहिला पाठ मूल घरातच शिकते. तो त्याला आपल्या आचरणातून मिळाला पाहिजे.