पाहणारी आणि विकत घेणारी

गिरडहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. मागच्या वेळी आपण तुरीच्या डाळीच्या पॅकिंगबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय नवीनच! आज आपण जपानच्या कार्टूनबद्दल बोलणार आहोत. पण थोडं थांबा, रेडिओ बंद करू नका. हा विषय फिरून आपल्याच घरात येतो.

आपल्या घरातली पोरं डोरेमॉन आणि शिनचॅन बघतात. ती दोन्ही कार्टूनं जपानची. तिकडे अशा चित्रांच्या मालिकांना ॲनिमे म्हणतात. पण तिथे ती फक्त पोरांसाठी नसतात, मोठ्या माणसांसाठीही असतात. घर, नोकरी, प्रेम, लढाई, खेळ, सगळं काही त्यात येतं. आमच्या गटातल्या एकीची मुलगी नागपूरला कॉलेजात शिकते, ती रात्री बसून हेच पाहते. तिच्याच तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकलं की जपानमध्ये कोणती मालिका पुढे चालवायची, हे ठरवण्यात बायांचा हात वाढला आहे. आम्हाला वाटलं, बाया पाहत असतील म्हणून. तर ती म्हणाली, नाही मावशी, पाहतात म्हणून नाही, विकत घेतात म्हणून.

हा फरक आपण नीट समजून घेऊ.

मोठ्या माणसांच्या या मालिका तिकडे रात्री उशिरा टीव्हीवर लागतात. यात्रेत दुकानदार जागेचं भाडं भरतो, तसं मालिका काढणारेच बऱ्याचदा टीव्हीवाल्यांना त्या वेळेचे पैसे देतात. चार-पाच कंपन्या मिळून भांडवल घालतात. मग हे भांडवल परत येणार कुठून? कितीतरी वर्षं ते मुख्यतः डिस्कच्या विक्रीतून येत होतं. मालिका टीव्हीवर फुकट दाखवायची, आणि ज्याला ती घरी ठेवायची हौस आहे त्याने डीव्हीडी किंवा ब्लू-रे विकत घ्यायची. एका डिस्कमध्ये जेमतेम दोन-तीन भाग, आणि किंमत सहा ते आठ हजार येन. म्हणजे आपले साडेतीन-चार हजार रुपये धरा. बारा-तेरा भागांची मालिका पूर्ण घ्यायची तर सहा डिस्क. करा हिशोब.

एवढी महाग वस्तू घेणारे थोडेच असणार. म्हणून काही हजार डिस्क खपल्या तरी मालिकेचा पुढचा हंगाम निघू शकायचा, आणि नाही खपल्या तर गोष्ट तिथेच संपायची. आता धंदेवाल्यांनी मनात धरलं होतं की एवढे पैसे टाकणारे सगळे पुरुषच असणार. साहजिकच बऱ्याच मालिका त्यांच्या आवडीच्या निघायच्या. त्यातल्या मुली कशा दिसायच्या ते आम्ही रेडिओवर सांगत नाही.

पण मुली आणि बायाही आधीपासून पाहतच होत्या. मुलांसाठी म्हणून काढलेल्या लढाईच्या आणि खेळाच्या मालिकांनाही त्यांचा मोठा चाहता वर्ग होता. फक्त गिऱ्हाईक म्हणून त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नव्हतं. नोकरी करणाऱ्या, हातात स्वतःचा पगार असणाऱ्या बाया डिस्क घेऊ लागल्या तसं चित्र बदललं. २०१५ साली ‘ओसोमात्सु-सान’ नावाची मालिका आली. फुजिओ आकात्सुका या जुन्या चित्रकाराने १९६२ साली सुरू केलेल्या विनोदी चित्रकथेतली ती पात्रं. सहा जुळे भाऊ, सगळे एकाच तोंडाचे. नव्या मालिकेत ते मोठे झालेत, पण एकही कामधंदा करत नाही, सगळे आईबापाच्या घरी पडून खातात. (आपल्याकडे अशी मालिका काढायला फार शोधाशोध करावी लागणार नाही!) ही मालिका बायांनी डोक्यावर घेतली. सहांपैकी आपला आवडता भाऊ कोणता, यावर मैत्रिणी-मैत्रिणींत वाद व्हायचे. २०१६ च्या जानेवारीत पहिली डिस्क आली आणि तिच्या विक्रीने भल्याभल्यांना मागे टाकलं. पुढे २०१७ मध्ये दुसरा हंगाम निघाला आणि २०१९ मध्ये सिनेमाही.

२०१६ सालचीच दुसरी मालिका म्हणजे ‘युरी ऑन आइस’. बर्फावर स्केटिंग करणाऱ्या खेळाडूंची गोष्ट. तिची दिग्दर्शिका बाई, सायो यामामोतो, आणि तिच्याबरोबर गोष्ट रचणारी मित्सुरो कुबो हीही बाईच. याही मालिकेच्या डिस्क जोरात खपल्या आणि घेणाऱ्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या. गोष्टीतलं गाव जपानमधल्या कारात्सु या खऱ्या गावावरून काढलेलं होतं, तर चाहत्या बाया ते गाव पाहायला जाऊ लागल्या. गावातल्या दुकानांना, राहण्याच्या जागांना त्यातून गिऱ्हाईक मिळालं.

आणखी एक नाव सांगतो, कारण ही बाई आपल्यातली वाटते. हिरोमु आराकावा. होक्काइदोत दुधाचा धंदा असलेल्या शेतकऱ्याची लेक. चित्रकथा काढायला टोकियोला जाण्याआधी सात वर्षं तिने घरच्याच गोठ्यात आणि शेतात काम केलं. नंतर मुलांच्या मासिकात तिची चित्रकथा आली, तिच्यावरची मालिका जगभर गाजली. पण लिहिताना तिने पुरुषाचं वाटेल असं टोपणनाव घेतलं. बाईचं नाव दिसलं तर मुलं वाचतील की नाही, ही शंका. पुढे तिने शेतकी शाळेतल्या मुलांवरही चित्रकथा लिहिली, ‘गिन नो साजी’, म्हणजे चांदीचा चमचा. डुकराचं पिल्लू वाढवायचं, आणि शेवटी तेच विकायचं, हे शेतकऱ्याच्या लेकीशिवाय कोण इतकं नेमकं लिहील?

आता आपल्याकडे येऊ.

१९७५ साली ‘शोले’ आला, ‘दीवार’ आला, आणि त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ नावाचा कमी खर्चाचा सिनेमाही आला. तो चालेल असं फार कुणाला वाटलं नव्हतं. तो बायांनी चालवला. थिएटरच्या दारात चपला काढून, हातात आरतीचं ताट घेऊन बाया आत जायच्या. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या आया-आज्यांनी शुक्रवारचं व्रत त्यानंतरच धरलं. गूळ-चणे खायचे, आंबट शिवायचं नाही.

मग १९९१ चा ‘माहेरची साडी’. विजय कोंडके यांचा. अलका कुबल त्यात सून झालेल्या. मूळ गोष्ट ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी सिनेमाची, म्हणजे तिकडच्या बाया आधी रडल्या आणि मग आपल्याकडच्या. खेड्यापाड्यांतून गाड्या भरभरून बाया हा सिनेमा पाहायला गेल्या. एरवी जिने कधी थिएटरची पायरी चढली नाही अशी बाईसुद्धा गेली. या सिनेमावर आमच्या गटात दोन मतं आहेत. एक मत असं की त्यात सुनेने सोसायचं आणि सोसतच राहायचं, हे दाखवून आपल्याला काय मिळालं? सोसण्याचं कौतुकच झालं. दुसरं मत जुन्या बायांचं. त्या म्हणतात, तुम्ही आता बोलता, तेव्हा घरात रडायचीही सोय नव्हती. अंधारात तीन तास बसून शंभर बायांसोबत रडलो, एवढं तरी झालं. आम्हाला दोन्ही मतं पटतात, पण एक गोष्ट दिसते. बायांनी तिकिटं काढली म्हणून पुढे तसेच रडके सिनेमे रांगेने आले. आपण ज्याला पैसे देतो तेच आपल्याला पुन्हा वाढलं जातं, मग ते गोड असो की कडू.

याच काळात व्हीसीआर आला. गणपतीत नाहीतर बारशाला भाड्याने टीव्ही-व्हीसीआर आणायचा, रात्रभर तीन सिनेमे लावायचे. आठवतं ना? चटईवर पुढे पोरं, मागे भिंतीला टेकून बाया. पण भाड्याचे पैसे माणसांनी गोळा केलेले, म्हणून कॅसेटही माणसंच निवडून आणायची. पहिले दोन सिनेमे मारामारीचे. आपल्या पसंतीचा असला तर तिसरा, पहाटे तीनला लागणारा. तोवर निम्म्या बाया झोपलेल्या, कारण सकाळी वावरात जायचं. पुढे सीडी आल्या. आपल्या टेकडीवरच्या दर्ग्याच्या यात्रेत सीडीची दुकानं लागायची तेव्हा बांगड्यांच्या दुकानात बाया आणि सीडीच्या दुकानात पोरं, असंच दिसायचं.

म्हणजे बघा, आपणही पाहत होतोच. पण दुकानदाराच्या वहीत आपण नव्हतो.

टीव्हीवरच्या मालिका तर आपल्यासाठीच असतात, असं कुणी म्हणेल. असतात खऱ्या. काही निवडक घरांत टीव्हीला यंत्र लावून कोण काय पाहतं ते मोजतात, २०१५ पासून त्यात खेड्यातली घरंही धरतात. पण तिथे माल कोणता आणि गिऱ्हाईक कोण? गिऱ्हाईक साबणवाला आणि मसालेवाला. तो पैसे देतो. त्याला आपली नजर विकली जाते. त्यामुळे मालिकेत काय हवं हे आपल्यापेक्षा त्याला जास्त विचारलं जातं. सून रात्री झोपतानाही भरजरी साडीत का असते, याचं उत्तर आम्हाला तरी इथेच सापडलं.

२०२३ साली मात्र वेगळं घडलं. १७ मार्चपासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. आणि ३० जूनला ‘बाईपण भारी देवा’ आला. केदार शिंदे यांचा. सहा बहिणींची गोष्ट, रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने आणि आणखी तिघी. (जपानमध्ये सहा भाऊ, आपल्याकडे सहा बहिणी. आणि आपल्या बहिणी निदान कामाच्या तरी आहेत.) एकही तरुण हिरो नाही. बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या. पाळी जाण्याच्या दिवसांतला त्रास, नवऱ्याने सोडणं, बहिणीबहिणींतला अबोला, असले विषय. सिनेमा पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात जास्त चालला. एक गट जाऊन आला की दुसऱ्या गटाला सांगायचा. कमाई ७० कोटींच्या वर गेली, मराठीत ‘सैराट’नंतर एवढी मोठी कमाई क्वचितच कुणाची झाली असेल.

आमच्यातल्या नऊ जणी तेव्हा नागपूरला जाऊन आल्या. पेरणी आटोपली होती, निंदण लागायचं होतं, मधले चार दिवस मोकळे. बाकीच्या जणी गेल्या नाहीत. कुणाला घरून ‘एवढ्यासाठी नागपूर?’ ऐकावं लागलं, कुणाकडे पैसे नव्हते. आणि नंतर काय झालं? कुणाच्या तरी पोराने तोच सिनेमा मेमरी कार्डात भरून आणला आणि तो गावभर फिरला. ज्या जाऊ शकल्या नव्हत्या त्यांनी तो घरी पाहिला, काहींनी दोनदोनदा.

त्यांना आम्ही दोष देत नाही. पण चोरीच्या कॉपीतून करणाऱ्याला पैसा मिळत नाही, हे झालं एक. दुसरं आम्हाला जास्त लागतं. कार्डावर पाहिलेला सिनेमा कुठेच मोजला जात नाही. मुंबईत बसून पुढचा सिनेमा कोणता काढायचा हे ठरवणाऱ्याला शहरातली तिकिटं दिसतात. गिरडची, समुद्रपूरची, उमरेडकडच्या खेड्यांची बाई दिसत नाही. तो म्हणतो, हा शहरातल्या बायांचा सिनेमा. मग पुढच्या सिनेमातल्या बहिणींना मोठे फ्लॅट आणि गाड्या असतात.

आता जपानमध्येही डिस्कची विक्री घटली, महिन्याची वर्गणी भरून मोबाइलवर पाहणारे वाढले. आपल्याकडेही तेच. आणि मोबाइल कुणाच्या हातात, रिचार्ज कोण मारतं? आम्ही आमच्या गटात विचारलं. बहुतेक घरांत नवरा नाहीतर मुलगा. वर्गणी त्याच्या नावावर, ‘तुमच्या आवडीचे’ म्हणून जे पुढे येतं तेही त्याच्याच आवडीचं. बाईने दुपारी दोन तास काही पाहिलं तरी त्या कंपनीच्या हिशोबात तो पाहणारा पुरुषच.

म्हणून आम्ही पुढच्या बैठकीसाठी एक विषय ठेवला आहे. गटातल्या पाच-सहा जणींनी मिळून, स्वतःच्या मजुरीतून, एका बाईच्या नावाने, तिच्याच मोबाइलवर एखादी मराठी वर्गणी घ्यायची का? कुणाच्या तरी ओसरीवर बसून घरच्यासारखं पाहायचं. गावात पडदा लावून दाखवायचा असेल तर सिनेमाच्या मालकाची परवानगी लागते, ते लक्षात असू द्या. बचतीच्या पैशाला हात लावायचा नाही, त्यावर सगळ्यांचं एकमत आहे. वर्गणी भरण्यावर नाही. दोघी म्हणाल्या, त्यापेक्षा एसटीने जाऊन थिएटरातच पाहू, बाहेर पडणं तरी होईल. एकीने विचारलं, नवऱ्याने मोबाइल मागितला तर? त्यावर पुष्कळ बोलणं झालं, ते सगळं इथे सांगत नाही.

तुमच्या गटात काय ठरतं ते आम्हाला कळवा. आणि हेही कळवा की तुम्ही स्वतःच्या खिशातले पैसे कशासाठी द्याल. आमच्याकडे एक मागणी आली आहे. ‘बाईपण’मध्ये मंगळागौर आहे, ती आपल्या भागात सगळ्यांच्या घरची नाही. आपल्याकडे भुलाबाई. कोजागिरीपर्यंतची गाणी, डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ, आणि सासरी गेलेल्या पोरी त्या दिवसांत माहेरी आल्या की होणारा गोंधळ. त्यावरचा सिनेमा काही आमच्या पाहण्यात नाही. तो आला तर आम्ही सतरा जणी तिकीट काढून जाणार. निंदणाचे दिवस सोडून.