केंद्राचा अधिकार आणि त्याची मर्यादा

केंद्राचे सामर्थ्य धाराशिवकरांना नवे नाही. १९५६ साली संसदेच्या कायद्याने हैदराबाद राज्य मोडले आणि आपला जिल्हा मुंबई राज्यात आला. राज्याच्या सीमा बदलण्यापूर्वी तेथील विधिमंडळाचे मत विचारावे लागते. पण ते संसदेवर बंधनकारक नसते. मग ज्याला राज्य मोडता येते, त्याला राज्याचे सरकार मोडणे काय अवघड, असे कोणी विचारील.

आमचे उत्तर असे, की सरकार मतदारांच्या कौलावर उभे असते. म्हणूनच घटनेप्रमाणे राज्यकारभार चालणे अशक्य झाले, तरच ३५६ वे कलम वापरावयाचे असते. व्यवहारात काय झाले? १९७७ साली जनता सरकारने नऊ राज्यांतील काँग्रेस सरकारे काढली. १९८० च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या सरकारने नऊ विधानसभा बरखास्त केल्या. त्यांत आपली विधानसभा व शरद पवारांचे मंत्रिमंडळ गेले. दोन्ही वेळी निमित्त एकच, लोकसभेतील पराभव.

११ मार्च १९९४ रोजी बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याला लगाम घातला. बहुमताचा निर्णय राजभवनात नव्हे, सभागृहात व्हावा; संसदेच्या संमतीपूर्वी विधानसभा विसर्जित करू नये; आणि राष्ट्रपतींची उद्घोषणा न्यायालयाला तपासता येते, असे ठरले. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातही न्यायालयाने बहुमताची परीक्षा सभागृहातच घ्यावयास सांगितली.

परंतु न्यायालय अखेरचा पहारेकरी आहे. पहिले पहारेकरी आपण. आपल्या पक्षाचे सरकार काढले की अन्याय आणि विरोधकांचे काढले की न्याय, असे म्हणणाऱ्या समाजाला कोणतेही कलम तारू शकत नाही.