अंथरूण वाटणारा माणूस

विमानातील परिचारिकेच्या जीवनाविषयी आपणा सर्वांना कुतूहल असते. सकाळी दिल्ली, सायंकाळी दुबई, मध्ये एखाद्या परक्या शहरातील हॉटेलची खिडकी, असे काहीसे चित्र आपण मनाशी रंगवितो. ते खरे किती, खोटे किती, हा भाग वेगळा. पण तिच्या घरगुती आयुष्याची दखल निदान देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने घेतली आहे. पहिल्या गरोदरपणातच नोकरी संपविणारा एअर इंडियाचा नियम त्या न्यायालयाने १९८१ साली रद्द केला. आज मी बोलणार आहे तो तिच्या व्यवसायबंधूविषयी. तोही प्रवाशांची सरबराई करीतच जगतो; मात्र जमिनीवरून जातो, आणि त्याचे नाव आपण सहसा विचारीत नाही. आगगाडीच्या वातानुकूलित डब्यात चादरी, उशी आणि कांबळे आणून देणारा अटेंडंट, तो हा.

नोकरीनिमित्त मी कोलकात्यास राहतो, आणि घरची ओढ लागली की हावड्याहून नागपूरच्या वाटेने येत असतो. या वाटेने हावडा ते मुंबई हे अंतर १९६८ किलोमीटर भरते. गीतांजली एक्स्प्रेससारख्या जलद गाडीलाही त्याला तीस तासांच्या आसपास लागतात. वाटेत इंजिनाचा चालक अनेकदा बदलतो. गार्ड बदलतो (२०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण लोकांच्या तोंडी अजून गार्डच आहे). तिकीट तपासनीस बदलतात. प्रवासी तर बदलतातच. पहिल्या फलाटापासून शेवटच्या फलाटापर्यंत टिकून राहणाऱ्या मोजक्या माणसांत हा अटेंडंट असतो.

गीतांजलीचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो. ही गाडी २६ डिसेंबर १९७७ रोजी सुरू झाली, तेव्हा तीत वर्गभेद नव्हता. सारे डबे दुसऱ्या वर्गाचे. रेल्वेमंत्री होते आपले प्राध्यापक मधु दंडवते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी बसवावी, हा निर्णय त्यांचाच. सामान्य माणसाच्या पाठीचा विचार कोणा मंत्र्याने इतक्या गंभीरपणे केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही. पुढे काळाप्रमाणे त्या गाडीला वातानुकूलित डबे लागले, आणि त्यांच्याबरोबर चादरी वाटणारा माणूस आला. त्याच्या पाठीचा विचार मात्र राहून गेला.

त्याचे काम वरवर पाहता सोपे. तिसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित नव्या डब्यात ७२ शायिका असतात. प्रत्येकी दोन चादरी, एक उशी, एक कांबळे, एक लहान टॉवेल. पण नागपूरला निम्मा डबा उतरतो आणि नवा चढतो. रायपूर, बिलासपूरला पुन्हा तेच. उतरलेल्यांचे गोळा करायचे, मोजायचे, चढलेल्यांना नवे द्यायचे. रात्री दोन वाजता कोणाला थंडी वाजते, कोणाला उकडते, आणि दोघेही एकाच डब्यातले असतात. गावे त्याला माहीत असतात ती फलाट कोणत्या बाजूला येतो यावरून. अकोला कसे आहे, राउरकेला कसे आहे, हे त्याला विचारू नये. या गावांतून तो शेकडो वेळा गेला आहे आणि एकदाही उतरलेला नाही.

एका प्रवासात अशाच एका अटेंडंटशी बोलणे झाले. पस्तिशीचा बंगाली माणूस. घर हावड्यातच, सालकियाच्या बाजूला. मुंबईत इतक्या वेळा जाऊन समुद्र पाहिला का, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, एकदा पाहिला. नंतरच्या खेपांना झोपलो.” डब्याच्या टोकाला, चादरींच्या कपाटाशेजारी एक अरुंद फळी असते, तीच त्याची शय्या. दारे उघडतात-मिटतात, शेजारी प्रसाधनगृह, आणि कोणीही कधीही हाक मारावी. टॉवेल कमी भरले तर पैसे त्याच्याच पगारातून कापले जातात, हे त्याने तक्रारीच्या सुरात नव्हे, हवामान सांगावे तसे सांगितले.

घरच्या दिवसांविषयी तो अधिक बोलला. हावड्याला उतरलेला प्रवासी पुलावरून, होडीतून, किंवा मार्च २०२४ पासून नदीखालून धावणाऱ्या मेट्रोने कोलकात्याकडे निघून जातो. याला नदी ओलांडायची नसते. घरी पोचून तो दिवसभर झोपतो. त्या दिवशी मुलीने मोठ्याने पाढे म्हणायचे नाहीत, असा घरचा दंडक आहे. दुसऱ्या दिवशी तो बाजारात जातो, मासळी आणतो, मुलीला शाळेत पोचवितो. आणि मुलगी वडिलांशी मोकळेपणी बोलू लागते न लागते तोच पुढची खेप येते. दुर्गापूजेच्या दिवसांत गाड्या सर्वांत भरलेल्या. त्याच्या घरची अष्टमी बहुधा त्याच्यावाचून होते.

मी सरकारी नोकर असल्याने माझे लक्ष नियमाकडे जाते. इंजिनाच्या चालकाने आठ तासांहून अधिक काम केले, तर मुख्यालयी परतल्यावर त्याला सोळा तासांची विश्रांती द्यावी लागते; परगावी त्याच्यासाठी रनिंग रूम असते, तेथे खाट असते, स्वयंपाकी असतो. हे योग्यच आहे. त्याच्या डुलकीत हजार माणसांचा जीव आहे. अटेंडंटची डुलकी कोणाचा जीव घेत नाही. शिवाय हे काम आता बहुतेक कंत्राटावर चालते, म्हणून चालकाचे आकडे त्याला लागत नाहीत. मात्र धुलाईकेंद्रातील चादरीचा शुभ्रपणा मोजण्यासाठी रेल्वेजवळ एक यंत्र आहे. कांबळे महिन्यातून निदान एकदा धुतले जाते, असे २०२४ साली लोकसभेत सांगण्यात आले. वर्तमानपत्रांतून त्यावर बरीच चर्चा झाली. ते वाटणारा किती तास जागा असतो, हा प्रश्न त्या चर्चेत माझ्या तरी वाचनात आला नाही.

कंत्राटाचे मसुदे कसे तयार होतात, हे मला थोडेबहुत माहीत आहे. त्यात दोन खेपांमधील विश्रांतीचे तास घालणे आणि दोन्ही टोकांना स्थानकाजवळ दहा-वीस खाटांची एक खोली देणे, याला नवा कायदा नको, एका परिच्छेदाची आणि थोड्या पैशांची तरतूद हवी. हावड्याच्या त्या माणसाने मागितले होते त्याहूनही कमी. त्याला मुंबईत अंघोळीसाठी रांगेविना पाणी हवे होते, आणि वर्षातून एकदा अष्टमीची सुटी.