दारू सुटल्यावर मज्जातंतूंची शांती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. परंतु दारूचा विषय निघाला, की आपल्या रिसोडात प्रत्येक आळीतल्या एखाद्या बाईला तरी काही सांगावयाचे असतेच. म्हणून धीर करून उभी राहिले आहे.

दारूबंदीवर आपण पुष्कळ ऐकले. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली. आपल्या राज्यात बायकांनी मतदान करून गावातील बाटली आडवी केल्याची उदाहरणेही आहेत. ही कामे मोठीच. पण मला त्यापुढचे सांगावयाचे आहे. दुकान बंद होते, माणूस पिंगलाक्षी देवीपुढे शपथ घेतो, आणि पंधरा दिवसांत पुन्हा पितो. आपण म्हणतो, याच्या शब्दाला किंमत नाही. पुष्कळदा शब्द खरा असतो, पण मज्जातंतू साथ देत नाहीत.

असे का होते? दारू मेंदूला गुंगी आणते. रोज गुंगी येऊ लागली, की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावावयास शिकतो. बैल पुढे ओढीत आहेत आणि मागून कोणी गाडी धरून ठेवली आहे, अशी कल्पना करा. धरणाऱ्याने एकदम हात सोडले तर गाडी उधळते. तसेच दारू सोडताच हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते, भांडे पडले तरी माणूस दचकतो. जुन्या पिणाऱ्याला पहिल्या दोनतीन दिवसांत झटके येतात, भलतेच दिसू लागते, जिवावरही बेतते. म्हणून अशा माणसाला घरात कोंडून दारू सोडवू नये. आधी डॉक्टर, मग बाकीचे.

आमचे धाकटे भाऊजी बारा वर्षे पीत होते. डॉक्टरांनी दाखल करून घेतले, ब-१ जीवनसत्त्व दिले, कंप थांबला. घरी आल्यावर मात्र दिवेलागण झाली, की ते अंगणात येरझारा घालीत. म्हणत, "वहिनी, दुखत काही नाही, पण अंगात कोणी धावते आहे असे वाटते." डॉक्टर म्हणाले, ही अस्वस्थता काही आठवडे, कधी काही महिनेही राहते. तेव्हा आम्ही घराचीच संध्याकाळ बदलली.

पहिली गोष्ट श्वासाची. आपल्या शरीरात एक मज्जासंस्था धावावयास लावणारी, तर दुसरी विसावा देणारी. श्वास सावकाश सोडला, की दुसरी जागी होते आणि नाडी संथ होते. चार अंक मोजून श्वास घ्यावा, सहा ते आठ मोजून सोडावा, असे पाच मिनिटे. भाऊजींबरोबर मुलेही बसत, म्हणून त्यांना लाज वाटली नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. दारू सोडणाऱ्यांचा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हा संघ अमेरिकेत १९३५ साली निघाला. त्यातील मंडळी सांगतात, की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ह्या चौघांपासून जपावे. म्हणून सहाच्या आत गूळ-शेंगदाणे, नाहीतर भाकरी आणि ताक. संध्याकाळी चहा नाही. तलफ लाटेसारखी येते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते; तेवढा वेळ माणूस एकटा नसावा.

तिसरी गोष्ट झोपेची. अंथरूण ठरल्या वेळी, मोबाईल बाजूला. झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने कधीच आणू नयेत; त्यांचेही व्यसन लागते.

आणि चौथी आपल्या जिभेची. हिशोब, उधारी, जुनी गाऱ्हाणी सकाळी काढावीत, दिवेलागणीला नव्हे. मात्र नवरा पितो तो बायकोमुळे, असे कोणी म्हटले तर ऐकून घेऊ नका. मार तर मुळीच सोसू नका. १८१ हा महिलांसाठीचा फोन आहे, ११२ पोलिसांचा.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्यास आधार होता. तेथे औषधाबरोबर योग, ध्यान आणि गटात मन मोकळे करणे यांवर भर असतो. पिणाऱ्यांच्या पत्नींसाठी तेथे 'सहचरी' नावाचा गटही आहे. मला हे फार पटले. वर्षानुवर्षे दाराच्या कडीकडे कान लावून बसलेल्या बाईचे मज्जातंतू काही कमी शिणलेले नसतात. नवऱ्याची दारू सुटली, तरी तिची छाती धडधडतच राहते. तिलाही पाच मिनिटे श्वास, वेळेवर घास आणि बोलावयास माणूस हवे.

म्हणून माझी एक सूचना आहे. दर आठवड्यास एक तास मंडळाची खोली अशा भगिनींसाठी उघडी ठेवावी. कोणी कोणाचे नाव बाहेर नेऊ नये. चटईवर बसावे, बोलावे, श्वास घ्यावा. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मनाच्या आजारांचा फोन, दोन्ही क्रमांक फळ्यावर लिहावेत. पैसा लागणार नाही, किल्ली तेवढी लागेल, आणि ती सांभाळावयास मी तयार आहे.

भाऊजींना यंदाच्या पोळ्याला तीन वर्षे झाली. पुढचे कोणी सांगू नये. रोजचा दिवस रोज पार पाडावयाचा.